विश्वासाला कागदाची जोड हवी

माझ्या मामांची बेकरी आहे. पहाटे तीनला भट्टी पेटते, पाचला पोरं सायकलला टोपल्या लावून निघतात, आणि आमच्या वाड्याचा दिवस त्या भोंग्याने सुरू होतो. पदेराच्या धंद्यात उधारी असतेच. घरोघरची उधारी महिनाअखेर कॅलेंडरवरच्या खुणा मोजून मिटते. त्यावरून कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

जे झालं ते एका हॉटेलाच्या बाबतीत झालं. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या हॉटेलचा नाहीच. 2021च्या दिवाळीपासून पुढच्या मार्चपर्यंत मामांनी तिथे रोज पाव दिला. हिशेब 1 लाख 84 हजारांवर गेला. एप्रिल 2022मध्ये मालकाने चेक दिला आणि तो वटला नाही. बँकेने परतीची चिठ्ठी लावून चेक मामांच्या हातात ठेवला, आणि मामांनी तो घरी आणून कपाटाच्या खणात, प्रार्थनेच्या पुस्तकाखाली ठेवला. मग फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "पात्रांव, सीझन लागू द्या, पहिले पैसे तुमचे." सीझन लागला, संपला, परत लागला. असे तीन सीझन गेले. गेल्या वर्षी, म्हणजे 2025च्या ऑगस्टमध्ये, फोन उचलणंच बंद झालं तेव्हा मामा वकिलांकडे गेले. मी सोबत होते. वकिलांनी चेकवरची तारीख बघितली, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?"

मामा म्हणाले, "विश्वास ठेवत होतो."

त्या दिवसापासून मी या विषयावर थोडं वाचलं, कॉलेजच्या लायब्ररीत बसून कायद्याची साधी पुस्तकं चाळली, आणि माझं एक मत पक्कं झालं. ते मत असं, की छोट्या धंदेवाल्याला कायदा माहीत नसणं हा त्याचा भोळेपणा नसून आपल्या शिक्षणाचं अपयश आहे. आणि ते भरून काढण्यात आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांचाही वाटा असायला हवा. मी वकील नाही, होणारही नाही. त्यामुळे हा लेख म्हणजे कायद्याचा सल्ला नव्हे. पण काय माहीत असायला हवं, एवढं तरी आपण एकमेकांना सांगू शकतो.

आधी मामांच्या चेकचं बघू. चेक न वटणं हा 1881च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138खाली गुन्हा होऊ शकतो. पण त्याचं एक वेळापत्रक आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांच्या आत देणेकऱ्याला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरायला 15 दिवस मिळतात. त्याने भरले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची. मामांनी पहिल्या 30 दिवसांत दोन फोन केले आणि नाताळचा केकसुद्धा देईन म्हणाले. नोटीस काही दिली नाही.

बरं, फौजदारी रस्ता गेला तरी दिवाणी दावा होता. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी साधारण तीन वर्षांत दावा लावावा लागतो; 1963च्या मुदतीच्या कायद्यात तसं ठरलेलं आहे. चेकच्या तारखेपासून मोजलं तरी ती तीन वर्षं एप्रिल 2025मध्ये संपली. मामा गेले ऑगस्टमध्ये. चार महिन्यांचा उशीर. वकिलांनी एक वाक्य सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलंय: "मुदत संपली की देणं मरत नाही, दावा मरतो." म्हणजे हॉटेलवाला अजूनही मामांचं देणं लागतो, पण मामा ते कोर्टात मागू शकत नाहीत.

आणि यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. मुदत संपायच्या आधी हॉटेलवाल्याने एका कागदावर "मी अमुक रक्कम देणे आहे" असं लिहून सही केली असती, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू झाली असती. थोडे पैसे देऊन तसं सहीनिशी लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. एक ओळ आणि एक सही. तीन वर्षांत मामा त्या हॉटेलच्या काउंटरवर निदान वीस वेळा उभे राहिले असतील. प्रत्येक वेळी चहा मिळाला. कागद कधी मागितला नाही, कारण मागणं बरं दिसत नाही.

"बरं दिसत नाही" याच शब्दांपाशी आपण सगळे अडतो, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं बोलायला हवं. कागद मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, असं आपल्याकडे समजतात. मला यावर बायबलमधली एक गोष्ट आठवते. कॅथलिक बायबलमध्ये तोबितचं एक छोटं पुस्तक आहे. आपल्या मंडळातल्या अनेकांना ते माहीत नसेल म्हणून सांगते. तोबित हा देवभीरू माणूस. दानधर्म करणारा, परक्यांची प्रेतं पुरणारा. म्हातारपणी तो आंधळा होतो, गरीब होतो, आणि त्याला आठवतं की आपण वीस वर्षांपूर्वी दूरच्या गावी एका नातलगाकडे दहा तालांत चांदी ठेवली होती. तो मुलाला ती आणायला पाठवतो. मुलगा विचारतो, की तो मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही, मग तो पैसे का देईल? तोबित सांगतो, की आम्ही दोघांनी लिहून दिलं होतं, कागदाचे दोन भाग केले होते, एक त्याच्याकडे आहे आणि एक माझ्याकडे. मुलगा प्रवासाला निघतो. पुढे तो कागद दाखवल्यावर मोहोरबंद थैल्या जशाच्या तशा परत मिळतात.

हे नातलगाशी केलेलं होतं, शत्रूशी नव्हे. दोघेही सज्जन होते. तरीही कागद होता, आणि त्या कागदामुळेच वीस वर्षांनी, माणसं म्हातारी झाल्यावर, पुढच्या पिढीलाही तो व्यवहार कळला. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. कागद ही विश्वासाची आठवण आहे. माणूस विसरतो, आजारी पडतो, मरतो. कागद तसाच राहतो. एवढं एक वाक्य जरी आपण आपल्या घरातल्या धंदेवाल्यांना पटवू शकलो तरी पुष्कळ झालं.

आता धंद्याच्या बाकीच्या बाजू. धंदेवाल्याला सगळे कायदे पाठ असण्याची गरज नाही, पण चार-पाच दारं कुठे आहेत हे तरी ठाऊक असावं.

पहिलं दार म्हणजे धंदा नेमका कोणाचा आहे. मामांची बेकरी एकट्याच्या मालकीची आहे. कायद्याच्या नजरेत ती बेकरी आणि मामा वेगळे नाहीत. बेकरीचं कर्ज ते मामांचं कर्ज; वेळ आली तर घरापर्यंत पोहोचणारं. कंपनी किंवा एलएलपी काढली तर धंदा ही वेगळी कायदेशीर व्यक्ती होते आणि जबाबदारीला मर्यादा येते, पण मग दरवर्षी हिशेब सादर करणं वगैरे खर्चही येतो. यात सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही, पण निवड आहे हे तरी माहीत हवं.

मधला प्रकार भागीदारीचा, आणि तो आपल्याशी जास्त जवळचा आहे. आपल्याच कॉलेजात दोन मैत्रिणी मिळून घरी केक करून इन्स्टाग्रामवर विकतात. त्यांना विचारलं तर म्हणतील, "छे ग, भागीदारी वगैरे काही नाही, असंच करतो." पण दोघींनी मिळून धंदा चालवायचा आणि नफा वाटून घ्यायचा असं ठरलं की 1932च्या भागीदारी कायद्याने ती भागीदारीच होते, कागद असो वा नसो. आणि कागद नसेल तर कायदा स्वतःचे नियम लावतो. नफातोटा समान वाटायचा. कामाचा वेगळा पगार कोणालाही नाही. म्हणजे एक रात्रभर जागून आयसिंग करते आणि दुसरी फक्त फोटो टाकते, तरी वाटा निम्मा-निम्मा. शिवाय एकीने धंद्यासाठी केलेल्या उधारीला दुसरीही पूर्ण जबाबदार. आणि भागीदारीची नोंदणी केलेली नसेल, तर गिऱ्हाइकाने किंवा पुरवठादाराने करार मोडला तरी 100 रुपयांच्या वरच्या मागणीसाठी ती फर्म कोर्टात जाऊ शकत नाही. तिच्यावर मात्र दावा होऊ शकतो! नोंदणी सक्तीची नाही, पण न केल्याची शिक्षा अशी आहे. मैत्री टिकवायची असेल तर दोन पानांचा करार करा, असं मी त्या दोघींना सांगितलं आहे. त्या अजून विचार करताहेत.

दुसरं दार कराराचं. 1872चा करार कायदा आजही चालतो. तोंडी करारही करार असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. अडचण येते ती सिद्ध करताना. करार करणारा 18 वर्षांचा हवा. अल्पवयीन मुलाशी केलेला करार मुळातच रद्द, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 साली मोहोरी बीबीच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे अकरावीतल्या भावाच्या नावावर कोणी धंद्याचा करार करत असेल तर तो कागद रद्दीत टाकायच्याच लायकीचा. तसंच, "नोकरी सोडल्यावर या धंद्यात पुन्हा काम करणार नाही" असं मालक लिहून घेतात. माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारी अशी अट कलम 27खाली रद्दबातल ठरते. धंदा गुडविलसकट विकताना विकणाऱ्यावर घातलेली वाजवी अट हा त्यातला मुख्य अपवाद. मामांच्या बेकरीतल्या एका कामगाराने आधीच्या मालकाला असं लिहून दिलं होतं आणि तो वर्षभर घाबरून गवंड्याच्या हाताखाली राबला. पोळ्या भाजण्यात त्याच्यासारखा हात नाही. एक न वाचलेला कागद त्याला भट्टीपासून दूर ठेवत होता.

याच घरातला सर्वांत धोकादायक कागद म्हणजे जामिनाचा. "नुसती सही कर, फॉर्मॅलिटी आहे" म्हणून मेहुणा, शेजारी, चर्चमधला ओळखीचा असा कोणीही सही मागतो. कराराचा कायदा सांगतो, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायला हवं आणि मगच जामीनदाराकडे यायला हवं, असं काही नाही. ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. "फॉर्मॅलिटी" हा शब्द कानावर पडला की कागद दोनदा वाचायचा, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे.

तिसरं दार पैसे वसुलीचं. चेकचं आणि मुदतीचं वर सांगितलंच. पण मामांसारख्यांसाठी आणखी एक कायदा आहे, 2006चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा. बेकरीसारखा छोटा उत्पादक उद्यम पोर्टलवर फुकट नोंदणी करू शकतो. एकदा नोंदणी झाली की त्याच्याकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी काहीही ठरलेलं असलं तरी 45 दिवसांच्या पुढे जायचं नाही. लेखी तारीख नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज. आणि वाद झाला तर थेट कोर्टात न जाता फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. नोंदणी मात्र माल देण्याआधी केलेली असावी. नंतर केली की वादाला जागा राहते. मामांची नोंदणी नव्हती. आता आहे. मी माझ्या फोनवरून करून दिली, पंधरा-वीस मिनिटं लागली.

चौथं दार गिऱ्हाइकाचं आणि सरकारचं. आपल्या बाजारात कितीतरी बिलांवर छापलेलं असतं, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." 2019चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो, की सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. म्हणजे दुकानदार ते वाक्य छापून स्वतःचं संरक्षण करतोय असं त्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात स्वतःविरुद्धचा पुरावा छापत असतो. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या लहानात लहान धंद्यालाही, घरातून केक विकणाऱ्यालाही, अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. जीएसटीची नोंदणी फक्त माल विकणाऱ्याला साधारण 40 लाखांच्या उलाढालीनंतर आणि सेवा देणाऱ्याला 20 लाखांनंतर लागते. पण गोव्यासारख्या छोट्या राज्यात एक गोष्ट विसरून चालत नाही: करपात्र माल राज्याबाहेर विकला तर सहसा ती मर्यादाच लागू होत नाही. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावला केक पाठवले किंवा पत्रादेवीपलीकडे बांद्याला दिले, तर प्रश्न बदलतो. पावावर कर नाही, केकवर आहे. एकाच भट्टीतून निघालेल्या दोन वस्तूंना दोन कायदे!

कामगारांबद्दल तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते, की जुने 29 केंद्रीय कायदे एकत्र करून केलेल्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025पासून लागू झाल्या आहेत, त्यामुळे आपल्या वडिलांच्या वेळचं ज्ञान आता पुरणार नाही. आणि दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमणं 2013च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. आपण उद्या नोकरीला लागणार आहोत, तेव्हा हे मालकाइतकंच आपल्यालाही माहीत हवं.

शेवटचं दार खास आपलं, गोव्याचं, आणि मला स्वतःला त्यानेच सर्वांत जास्त विचार करायला लावला. गोव्यात 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870पासून लागू झाली आणि तिचा कौटुंबिक भाग मुक्तीनंतरही चालू राहिला. वारशाचा भाग आता 2012च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. तो 2016मध्ये अमलात आला. या संहितेप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि दोघांचा त्यात निम्मा वाटा असतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. आईबापाला मृत्युपत्रानेसुद्धा सगळी इस्टेट हवी त्याला देता येत नाही. मुलं असतील तर निम्मा भाग त्यांच्यासाठी राखलेला असतो. आणि 1961च्या आयकर कायद्यात यासाठी खास कलम घातलं गेलं, 5ए: अशा जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, धंद्याचं धरून, दोघांत निम्मं-निम्मं धरायचं.

हे वाचून मी मामीला विचारलं, "मामी, बेकरी कोणाची?"

ती कणीक झाकत होती. म्हणाली, "मामांची."

मी म्हटलं, "तुझ्या नावाने रिटर्न भरलं जातं, ठाऊक आहे?"

"दरवर्षी सीएचा पोरगा येतो, फुली मारतो तिथे मी सही करते. कशाची ते मामांना विचार."

माझी मामी पंचवीस वर्षं पहाटे तीनला उठते. कायदा तिला निम्मी मालकीण मानतो, सरकार तिच्या नावावर निम्मं उत्पन्न धरतं, आणि तिला कोणी सांगितलेलंच नाही. मामांनी लपवलं असंही नाही. त्यांनाही नीट माहीत नव्हतं. हॉटेलने बुडवलेल्या 1 लाख 84 हजारांतले 92 हजार मामीचे होते, असं मी गमतीने म्हटलं तेव्हा ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग तो चेक खणात ठेवताना मला विचारायला हवं होतं त्यांनी. मी गेले असते हॉटेलात."

आणि ती खरंच गेली असती.

यावर तीन आक्षेप येतील, ते मलाही आले. पहिला: कायदा कळूनही न्याय कुठे मिळतो? खटले वर्षानुवर्षं चालतात, वकिलाची फी बुडालेल्या पैशांपेक्षा मोठी होते. हे खरं आहे, आणि म्हणूनच कायद्याचं खरं मोल भांडणानंतर नसून आधी आहे. पाव उतरवताना चलनावर घेतलेली सही फुकट असते. दुसरा: वकील आणि सीए कशासाठी आहेत? आहेतच, पण डॉक्टर आहे म्हणून ताप कशाला म्हणतात हे आपण शिकायचं सोडत नाही. कधी जायचं हे कळायला हवं. मामा चार महिने उशिरा गेले, ते वकील नव्हते म्हणून नव्हे, तारीख नावाची गोष्ट असते हे माहीत नव्हतं म्हणून. शिवाय 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार, कमी उत्पन्नाचे लोक यांनाही. 15100 हा त्यांचा हेल्पलाइन नंबर. मामीला हेही माहीत नव्हतं.

तिसरा आक्षेप आपल्या मंडळातलाच: हे साहित्याच्या मासिकात कशाला? माझं उत्तर साधं आहे. करार हाही एक मजकूर आहे. "करू शकतो" आणि "करेल" यांतला फरक, "आणि" आणि "किंवा" यांतला फरक, एका "तथापि"ने उलटणारा अर्थ हे आपण तीन वर्षं कवितांत आणि कथांत शोधतो. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, 1883 साली, अक्षर न कळणारा शेतकरी कागदावर कसा नागवला जातो हे लिहिलं. आज अक्षर कळतं, पण कागद इंग्रजीत असतो. आपल्याकडे घरात कोंकणी, वहीत मराठी, शाळेत इंग्रजी, आणि जमिनीच्या जुन्या कागदात पोर्तुगीज. बेळगावच्या आपल्या मित्रांकडे त्यात कन्नड. सही मात्र सगळ्याच भाषांत एकच असते. या भाषांमधली वाट ज्याला येते त्याने ती दुसऱ्याला दाखवायला हवी, एवढंच मी म्हणते आहे.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवते. एक: महिन्यातल्या एका शनिवारी "कागद-वाचन" ठेवू या. दुकानाचा भाडेकरार, जामिनाचा फॉर्म, माल पोचवल्याचं चलन असा एकेक कागद घ्यायचा, नावं झाकायची, आणि मराठीत ओळ न् ओळ समजून घ्यायची. सल्ला द्यायचा नाही, तो वकिलांचा अधिकार. आपण फक्त वाचायचं, आणि गरज असेल त्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्यायचा. भाडेकरार अकरा महिन्यांचाच का असतो, इथून सुरुवात करता येईल. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, त्यातून ती पद्धत आली. दोन: धंद्यात लागणाऱ्या शंभर कायदेशीर शब्दांचा सोप्या मराठीत कोश करू या. जामीन, तारण, मुदत, मुखत्यारपत्र, हमीपत्र हे शब्द आपल्याकडे आहेतच. अर्थ पुसट झालेत, ते लख्ख करायचे. पुढच्या अंकात पहिले वीस शब्द छापता येतील. मी लिहायला तयार आहे, सोबत दोघं-तिघं हवेत.

मामांचे पैसे आले नाहीत, येतील असंही वाटत नाही. ती परतीची चिठ्ठी लावलेला चेक आता खणात नाही. मामीने तो काढून बेकरीच्या भिंतीवर, दराच्या पाटीशेजारी चिकटवला आहे, आणि खाली एका खिळ्याला चलनाचं पुस्तक अडकवलं आहे. टोपली घेऊन निघणाऱ्या प्रत्येक पोराला ती एकच गोष्ट सांगते, "बाबा, पाव दिलास की सही घेऊन ये."

पोरं सही घेऊन येतात. आतापर्यंत एकाही गिऱ्हाइकाने त्याचं वाईट मानलेलं नाही.